झोपू द्या म्हणण्याचा धंदा

रायपूरच्या तात्यापारा वस्तीत मी क्लिनिक उघडलं तेव्हा पाटीवर मोठ्या हौसेने ‘बाल विकास केंद्र’ असं लिहवून घेतलं. छत्तीसगढ़ राज्य नवीन होतं. रायपूर बघता बघता राजधानी झालेलं, आणि कुठल्याही गल्लीत, कुणाच्याही भाड्याच्या घरात एखादा सरकारी विभाग थाटला जायचा. त्यामुळे सुरुवातीला माझ्याकडे बाळ एकही आलं नाही. आल्या त्या अंगणवाडीच्या भरतीसाठी निघालेल्या बाया. हे सरकारी ऑफिस नाही असं सांगितलं की त्या समजूतदारपणे हसायच्या आणि हळूच विचारायच्या, “साहब कब बइठथे?”

मग पाटी बदलली. शिक्षण माझं ऑक्युपेशनल थेरपीचं, नागपूरला झालेलं. त्याला शुद्ध हिंदीत ‘व्यावसायिक चिकित्सा’ म्हणतात, असं पेंटरने मला शिकवलं आणि मी काही बोलायच्या आत रंगवूनही टाकलं. त्याच आठवड्यात पंडरीच्या कापड बाजारातले एक शेठजी आले. खुर्चीत बसले, घाम पुसला आणि म्हणाले, “मैडम, धंधा बैठ गया है. आप देखेंगी?”

मी म्हटलं, शेठजी, मी लहान मुलं बघते.

“तो बोर्ड पे धंधा काहे को लिखा है?”

तिसऱ्या खेपेला मी पेंटरला सांगितलं, अक्षरं राहू दे बाबा, नुसतं एक बाळ काढ. त्याने इतकं गुबगुबीत बाळ काढलं की लोक दुधाच्या पावडरचा डबा मागायला येऊ लागले. पण निदान आता दारात बाळाच्या बाबतीतला माणूस यायला लागला, आणि त्यातल्याच काहींना मी माझं गिऱ्हाईक केलं. असा माझा व्यवसाय सुरू झाला.

धंदा नेमका काय होता ते सांगते, कारण माझ्या सासरच्या मंडळींना तो मी निवृत्त होईपर्यंत कळला नव्हता. “शैला पोट्ट्यांना खेळवते,” असं ते पाहुण्यांना सांगत. फार चूक नाही. ज्या बाळांचं बसणं, रांगणं, बघणं, हुंकारणं वेळेवर होत नाही, किंवा जी दिवस भरायच्या आत जन्माला येतात, त्यांच्याकडे बघायचं आणि आईबापांना काय करा, काय करू नका ते सांगायचं, हे माझं काम. बाळाच्या मेंदूत बाहेरून सतत काही ना काही येत असतं. उजेड, आवाज, आईच्या अंगाचा वास, दुपट्याचा स्पर्श, उचलल्यावरचा झोका. यातूनच त्याला जग कळायला लागतं. पण आलेलं सगळं निवडून, लावून ठेवायचं काम बरंचसं झोपेत होतं. म्हणून तान्ही मुलं एवढी झोपतात. ती आळशी नसतात. त्या वेळात ती आपल्यापेक्षा जास्त काम करत असतात, असं मी सांगायची तेव्हा बाप लोक बायकोकडे बघून हसायचे, आणि बायका हसायच्या नाहीत.

आणखी एक गोष्ट. बाळ बोलत नाही असं लोक म्हणतात. बाळ सारखं बोलत असतं. भूक नसताना जांभई, सर्दी नसताना शिंक, उगीचच उचकी, बोटं ताणून पंजा उघडणं, मान वळवून भिंतीकडे बघणं: याचा अर्थ एकच, ‘पुरे झालं.’ पण मोठी माणसं तेव्हा टाळ्या वाजवत असतात, त्यामुळे त्यांना ऐकू येत नाही.

राजधानी झाल्यावर टाळ्या फार वाढल्या. शहरात कार आल्या, मॉल आले, बदलीवर आलेले साहेब लोक आले आणि त्यांच्यापाठोपाठ बाळांची बुद्धी वाढवणारे आले. सहा महिन्यांच्या मुलांसाठी मिठाईच्या दुकानावरच्या मजल्यावर क्लास निघाला. तिथे बाळांना ओळीत बसवून, म्हणजे टेकवून, फळांची इंग्रजी नावं दाखवत. समोरून कार्डं भराभर जायची आणि बाळं एकामागोमाग एक झोपी जायची. मास्तरीण त्यांना उठवायची. फी याच गोष्टीची होती.

अशा काळात बोरकर माझ्याकडे आले.

नितीन बोरकर इंजिनिअर होता. मूळचा भंडाऱ्याकडचा, नोकरी नव्या रायपुरात, रस्त्यांच्या कामावर. त्या काळी नव्या रायपुरातले रस्ते इतके रुंद आणि इतके रिकामे होते की गायसुद्धा ओलांडताना विचारात पडायची. बायको रश्मी मंत्रालयात क्लार्क, तेव्हा रजेवर. मुलगा विहान आठ महिन्यांचा. पण तो दोन महिने आधी आलेला, म्हणून आमच्या हिशेबाने सहाचाच. हे वजा करणं आईबापांना आवडत नाही. आपल्या मुलाचं वय कोणी खोडून टाकतंय असं वाटतं.

नितीन आत आला तो चाकांची सुटकेस ओढत. मला वाटलं, स्टेशनवरून सरळ इकडेच आले. सुटकेस त्याने माझ्या सतरंजीवर उघडली. आत दिवे लागणारे चेंडू, घंटा, खुळखुळे, काळ्या-पांढऱ्या आकृत्यांची कार्डं, मखमल आणि फरचे तुकडे, आणि सँडपेपरसुद्धा.

“हे काय?” मी सँडपेपर उचलून विचारलं.

“टेक्स्चर,” तो म्हणाला. “बाळाले खरबरीत पण समजलं पाह्यजे ना, मॅडम.”

“सुताराकडे ठेवायचंय का याला?”

रश्मीच्या ओठाचा एक कोपरा हलला. नितीन हसला नाही. तो दिवसाचा कार्यक्रम सांगू लागला. सकाळी उजेडाचं सेशन, मग परदेशी वाद्यसंगीत, मग स्पर्श, मग स्पॅनिश अंक.

“स्पॅनिश कायले?” माझ्या तोंडून नागपूरचं निघून गेलं.

“मेंदूले दुसऱ्या भाषेची सवय पडते म्हणतात.”

“मग छत्तीसगढ़ी शिकवा ना. दूधवाल्याशी तरी बोलेल.”

या सगळ्यात दुपारची झोप कुठे होती? नव्हती. म्हणजे होती, पण बाळ डुलक्या द्यायला लागलं की नवं सेशन सुरू व्हायचं, कारण कुठल्या तरी व्हिडिओत सांगितलं होतं की जागेपणीचा एकही क्षण वाया घालवू नये. घरात कॅमेरा लावलेला होता. विहानचा डोळा लागलेला नितीनला ऑफिसात मोबाइलवर दिसे आणि त्याचा फोन येई. “रश्मी, स्लॉट चुकून राहिला.”

या मेहनतीचं फळ म्हणून विहान कोणाकडे बघेनासा झाला होता. हाक मारली तर कधी वळायचा, कधी नाही. हसणं जवळजवळ बंद. समोर कोणी आलं की मान भिंतीकडे. दूध पिता पिता रडायचा, रडता रडता थकून डोळे मिटायचा आणि लगेच दचकून उठायचा. त्याला एका ‘सेंटर’मध्ये दाखवलं होतं. तिथे एका चकचकीत बाईने पाव तासात निदान केलं की हा मुलगा ऑटिझमच्या दिशेने चाललाय, आणि स्टिम्युलेशन दुप्पट करायला सांगितलं. त्याचं पॅकेज होतं. सहा महिन्यांच्या वयाला असं छातीठोकपणे सांगायला जी हिंमत लागते ती माझ्यात शेवटपर्यंत आली नाही. म्हणूनच माझं क्लिनिक एका खोलीचं राहिलं.

मी नितीनला म्हटलं, दाखवा बरं तुम्ही काय करता ते.

त्याने दिव्याचा चेंडू विहानसमोर फिरवला. विहानने जांभई दिली. नितीनने चेंडू आणखी जवळ नेला. विहानने बोटं ताणली, शिंकला, आणि मान वळवली. नितीनने दुसऱ्या बाजूने जाऊन घंटा वाजवली. विहानने डोळे घट्ट मिटून घेतले.

“पाहिलं?” नितीन म्हणाला. “रिस्पॉन्सच नाही.”

“पाच वेळा दिला त्याने,” मी म्हटलं. “याहून स्पष्ट फक्त शिवी देता येते. ती त्याला अजून येत नाही.”

मग मी माझा सल्ला सांगितला. सुटकेस बंद. कॅमेरा बंद. टीव्ही बंद. दुपारी खोलीत पडदे ओढून झोपू द्यायचं, स्वतःहून उठेपर्यंत. जागा असेल तेव्हा एका वेळी एकच माणूस, एकच आवाज, आणि त्याने मान वळवली की आपण गप्प बसायचं. मालिश हलक्या हाताने. बास.

नितीनने विचारलं, “बाकी?”

“बाकी काही नाही.”

“झोपू द्या, हे तर माझी आई पण सांगते. फुकट.”

“मग तिचंच ऐका. माझ्यापेक्षा जवळ आहे.”

हे बोलायला नको होतं असं कोणी म्हणेल. पण वीस-पंचवीस वर्षं मी हेच ऐकत आले. कडू औषध, महागडं मशीन, दर आठवड्याच्या फेऱ्या, यातलं काहीही सांगा, लोक आनंदाने करतात. काही करू नका म्हटलं की त्यांना फसवल्यासारखं वाटतं. नितीनने सुटकेस भरली. प्रत्येक वस्तू तिच्या तिच्या कप्प्यात. जाताना म्हणाला, “मॅडम, माझ्या पोट्ट्याचं डोकं आहे हे. चान्स नाही घेऊ शकत मी.” आणि चाकं खडखडत निघून गेला. मागून रश्मी गेली. तिने माझ्याकडे वळून पाहिलं.

माझ्याकडे सुखबती नावाची बाई कामाला होती. क्लिनिक झाडायची, दार सांभाळायची आणि प्रत्येक गोष्टीला “हव दीदी”, म्हणजे ‘हो ताई’, म्हणायची. पण ‘हव’ म्हणण्याच्या तिच्या तऱ्हा अनेक होत्या. त्या दिवशीच्या ‘हव’चा अर्थ असा होता, की अशाने आपलं दुकान चालायचं नाही.

नंतरच्या पंधरवड्यात कधीतरी, भर दुपारी, रश्मी एकटी आली. कडेवर विहान, खांद्यावर पिशवी. नव्या रायपुराहून बसचा भरवसा नसतो; तिला दोनदा गाडी बदलावी लागली होती. केस विस्कटलेले, ब्लाउजचा हुक चुकलेला. आत येऊन ती सतरंजीवर बसली. मी विचारलं, काय झालं?

“काही नाही झालं, ताई,” ती म्हणाली. “मले झोप येऊन राहिली. एवढंच सांगायला आली.”

आणि रडायला लागली. रडता रडता तिने सांगितलं, की सेंटरमध्ये आता आठवड्यातून तीनदा जावं लागतं, घरी आल्यावर पुन्हा सेशन, विहान झोपला की ती त्याला उठवते, आणि उठवताना त्याचा चेहरा असा होतो की तिला स्वतःचा राग येतो. “काल मी त्याले उठवलं, तर तो रडला पण नाही, ताई. नुसता पडून राहिला. मले भेव वाटलं.”

हे ऐकून मात्र माझ्या जिभेवरचं सगळं खवचट बोलणं आत गेलं. रडणारं बाळ भांडत असतं. गप्प पडून राहणाऱ्या बाळाने भांडण सोडून दिलेलं असतं.

मी म्हटलं, “आत्ता घरी कॅमेऱ्यात कोण दिसतंय?”

“कोणीच नाही. मी सांगितलं, सेंटरमधे जाऊन राहिली.”

“छान. मग आजचं सेशन इथे.”

मी पडदा ओढला. पंख्याचा आवाज तेवढा राहू दिला. एकसुरी आवाज बाळांना सोबत करतो. रश्मीला म्हटलं, आडवी हो, याला छातीवर घे आणि तू काहीही करू नकोस. बोलू नकोस, थोपटू नकोस, फक्त श्वास घे. विहान आधी धडपडला. मान इकडे तिकडे केली. त्याला बहुधा कुठून तरी घंटा वाजणार असं वाटत होतं. ती वाजली नाही. त्याचा पंजा आईच्या गळ्याशी गेला, तिथे कातडी चिमटीत धरून थांबला, आणि हळूहळू सैल पडला. मी उठून पाणी प्यायले तेवढ्यात दोघं झोपली होती. आई आधी.

दुपारनंतर आणखी दोन मुलं यायची होती. एकाला सुखबतीने दारातच सांगितलं की दीदी आज मिळणार नाही. दुसऱ्याची आई भली होती, तिने दार थोडंसं उघडून सतरंजीकडे पाहिलं आणि स्वतःच म्हणाली, “हाय, मला पण असं झोपवा ना.”

मग गल्लीत तो लाउडस्पीकर आला. ऑटोवर भोंगा, भोंग्यातून पोरीच्या आवाजातली घोषणा, “अपने नन्हे-मुन्ने को बनाइए जीनियस! सीटें सीमित!” मिठाईवाल्याच्या माडीवरचा क्लासच होता तो, नवी शाखा काढत होता. ऑटो आमच्या दारासमोरच थांबला, कारण पाटीवर बाळ होतं. विहानच्या पापण्या थरथरल्या. मी उठायच्या आत सुखबती बाहेर गेली आणि आत लेकरू झोपलंय म्हणून ओरडली.

“बंद कर! भीतर लइका सुतत हे!”

“पाँच मिनट, अम्मा. कंपनी का काम है.”

“सीरियस हे लइका! मर-मुरा गे त तोर कंपनी आही का?”

लेकरू दगावलं तर, हे ऐकल्यावर भोंगा तत्काळ बंद झाला. ऑटोवाला बिचारा ऑटो ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत घेऊन गेला, इंजिनसुद्धा सुरू न करता. सुखबती आत आली, तिच्याकडे मी डोळे मोठे करून पाहिलं. ती म्हणाली, “झूठ थोड़ी बोलेंव दीदी.” आणि पुन्हा दारात जाऊन बसली.

विहान ऊन उतरेपर्यंत झोपला. जागा झाला तो न दचकता. डोळे उघडून तसाच पडून राहिला, आईच्या छातीवर गाल टेकवून. मी त्याच्याजवळ जाऊन पालथी झोपले, माझं तोंड त्याच्या तोंडासमोर, एका वितीवर. काही बोलले नाही. आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. चांगलं निरखून, कपाळावरची टिकली, मग डोळे, मग ओठ. मी जीभ बाहेर काढली. त्याने विचार केला आणि आपलीही थोडी बाहेर काढली. ऑटिझमच्या दिशेने चाललेल्या माणसाने मला वेडावून दाखवलं.

मला इतका आनंद झाला की मी मनातल्या मनात नितीनला दहा-बारा टोमणे मारून घेतले. झोप मिळाली, प्रश्न सुटला, असं मी धरूनच चालले होते. पण नंतर मी मागे सरकले. हातभर. आणि विहानची नजर सुटली. चेहऱ्यावरचा भाव तोच, पण डोळे माझ्यावर नव्हते, हवेत कुठेतरी होते. पुन्हा पुढे आले, तो माझ्याकडे बघायला लागला. पुन्हा मागे गेले, हरवला. मी आवाज न करता, हात न हलवता हे परत परत केलं. दर वेळी तेच. एका वितीवर मी माणूस होते. हातभर अंतरावर मी कोणीच नव्हते.

तेवढ्यात रश्मीला जाग आली. तिला क्षणभर आपण कुठे आहोत ते कळेना. मग विहानला माझ्या नाकाला हात लावताना बघून ती तशीच पडून राहिली.

“ताई, बघून राहिला का हा?”

“बघतोय. पण मला वाटतं, याला लांबचं दिसत नाही.”

जन्मल्यानंतर त्याचे डोळे तपासले होते. लवकर आलेल्या बाळांचा डोळ्याचा पडदा बघतात. तो चांगला होता. तेवढ्याने घरच्यांना हायसं वाटलं होतं आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. पण अशा काही बाळांची नजर नंतर फार जवळची होत जाते. आणि जो मुलगा दिवसभर थकलेला, चिडलेला, डोळे मिटून असतो, त्याला दिसत नाही की त्याला बघायचंच नाही, हे कोणी ओळखायचं कसं? मीही पहिल्या दिवशी ओळखलं नव्हतं. त्याची झोप झाली तेव्हाच तो खरा काय आहे ते दिसलं.

मला मग ती कार्डं आठवली. काळ्या-पांढऱ्या आकृत्यांची, विलायती. तसलीच नितीनने पाळण्यावर छताला टांगली होती, असं त्याने पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

नितीन आला तो संध्याकाळच्या आत. सेंटरवाल्यांनी त्याला कळवलं होतं की आज तुमचं पेशंट आलंच नाही. रश्मीचा फोन पिशवीत तळाशी. शेवटी त्याला तात्यापारा सुचला. दारात सुखबतीने अडवलं असणार, कारण तो आत आला तेव्हा चपला हातात घेऊन, चवड्यांवर चालत आला.

“काय चाललंय हे?” तो कुजबुजला. रागाने ओरडायचं होतं त्याला, पण कुजबुजून राग नीट येत नाही.

मी त्याला बोलूच दिलं नाही. म्हटलं, खाली झोपा. पालथे. इथे. असं तोंड करा. नितीन बोरकर, रुंद रस्त्यांचे इंजिनिअर, ऑफिसच्या कपड्यात माझ्या सतरंजीवर पालथे पडले. विहान त्याच्याकडे बघू लागला. मिशीला हात लावला. मग ती ओढली. नितीन हलला नाही. त्याचे डोळे भरून आले तरी हलला नाही, बहुधा मुलगा पुन्हा मान वळवेल या भीतीने.

“आता हळूच मागे सरका,” मी म्हटलं.

तो सरकला. विहानचे डोळे सुटले. नितीन पुन्हा पुढे गेला. दोन-तीनदा असं करून तो उठून बसला आणि भिंतीला टेकला. त्याला मी काही समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

“तो पाहत नव्हता असं नव्हतं,” तो म्हणाला.

“नाही. तुम्ही लांब होतात.”

मग त्याने आपणहून सांगितलं. विहान काचेच्या पेटीत होता, नाकात नळी, पायाला वायर. डॉक्टर म्हणाले होते, जगेल, पण पुढे डोकं कसं चालेल ते आज सांगता येणार नाही. “महिनाभर मी काचेतून पाहत राहिलो, मॅडम. कोणी काही करूच नाही दिलं. हात लावू नका, म्हणे. घरी आणलं त्या दिवशी ठरवलं, आता मी एक मिनिट बसून राहणार नाही. काही तर केलंच पाह्यजे.” मग म्हणाला, “तुम्ही म्हटलं काहीच करू नका, तर मले पुन्हा त्या काचेबाहेर उभं केल्यासारखं वाटलं.”

माझ्या धंद्यात मी बापांची पुष्कळ टिंगल केली आहे आणि त्यातली बहुतेक त्यांना शोभूनही दिसली. पण त्या दिवसानंतर कोणी सुटकेस घेऊन आला की मी आधी विचारायची, बाळ पेटीत होतं का?

डोळ्यांच्या डॉक्टरांनी औषध घालून तपासलं आणि नजर खरोखरच फार जवळची निघाली. जाड भिंगांचा, रबरी पट्ट्याचा, डोक्यामागे बांधायचा छोटासा चष्मा बनला. तो घालायला ते माझ्याकडे आले, कारण घरी विहानने दोनदा उपटून फेकला होता. झोप झालेली, पोट भरलेलं, अशी वेळ धरली. चष्मा बसवला. रश्मी जवळ होती. नितीन मुद्दाम खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराशी उभा.

विहानने आईकडे पाहिलं. मग पलीकडे पाहिलं. आणि खोलीच्या त्या टोकाला आपला बाप आहे, अख्खा, डोक्यापासून बुटांपर्यंत, हे त्याला पहिल्यांदा दिसलं. लोकांना वाटतं अशा वेळी बाळं हसतात. विहानने बापाला वरपासून खालपर्यंत एकदा नीट पाहून घेतलं आणि जोराचं भोकाड पसरलं.

“एवढा वाईट दिसतो का मी?” नितीन म्हणाला. मग तो इतका हसायला लागला की त्याला दाराला धरून उभं राहावं लागलं.

एवढ्याने सगळं सुरळीत झालं, असं मी लिहिलं तर ते त्या सेंटरच्या जाहिरातीसारखं होईल. विहान उशिरा चालला, त्याहून उशिरा बोलला. हाताची बोटं कामाला लावायला बरंच शिकवावं लागलं. पण तो बघायला लागला, हसायला लागला, आणि दुपारी घोरायला लागला. बोरकरांच्या घरातला कॅमेरा निघाला. सुटकेस मात्र नितीनने टाकली नाही. त्यात तो आता फायली नेतो.

शहर माझं ऐकून सुधारलं असंही काही नाही. मिठाईवाल्याच्या माडीवरच्या क्लासच्या तीन शाखा झाल्या, माझी एकच खोली राहिली, आणि तीही गेल्या वर्षी गुडघ्यांपायी बंद केली. मनाला लागून राहिलेली मुलंही आहेत. काहींच्या आईबापांनी दुसऱ्यांदा दार उघडलंच नाही. त्यांचं काय झालं असेल, हे मी अजून मॉलमध्ये एखादं गप्प बाळ दिसलं की उगीच शोधत बसते.

क्लिनिकचं सामान हलवायच्या दिवशी बोरकर मदतीला आले होते. विहान आता पाचवीत. उंच, हडकुळा, जाड चष्मा. गणितात साधारण, चित्रकलेत बरा, आणि बोलण्यात बापाच्या वरताण. मी मराठीत विचारलं की तो हिंदीत उत्तर देतो, राजधानीतल्या सगळ्याच मराठी पोरांसारखा. बाहेर काढून ठेवलेल्या सतरंजीच्या गुंडाळीवर तो बसला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “आंटी, आप यहाँ करती क्या थीं?”

मला वीस-पंचवीस वर्षांत सासरच्यांना सांगता आलं नव्हतं ते त्याला काय सांगणार? म्हटलं, “बाळांना झोपू देत होते.”

“सुलाती थीं?”

“हो.”

“बस?”

“बस.”

त्याने चष्मा नाकावर वर ढकलला आणि गंभीरपणे विचार केला.

“तो हमारी मैडम को एक फोन कर दीजिए ना,” तो म्हणाला. “वो तो क्लास में जगा देती हैं.”